अवधाण की अंतर्गळ? जांघेतल्या एका गाठीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला अजून काही जुनी गावं आहेत. 1970 नंतर सिडकोने आजूबाजूची भातशेती आणि मिठागरं घेतली, सेक्टर पडले, टॉवर उभे राहिले. गावठाणं मात्र आपल्या बोळांसकट मधेच अडकून राहिली. अशाच एका गावातल्या आजी फेब्रुवारीतल्या एका सकाळी नवी मुंबईतल्या आमच्या छोट्या रुग्णालयात आल्या. वय पंचाहत्तरीच्या आगेमागे, वजन 41 किलो, चार बाळंतपणं, आयुष्यभर चुलीपुढे बसून लागलेला खोकला. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला आणि त्यासाठी रोज क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, चालू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनाक्रमाला हात लावलेला नाही.

तक्रार साधी होती: उजव्या जांघेत गाठ. दहा-बारा दिवसांपूर्वी ओहोटीला कालवं फोडायला गेल्या असताना उजव्या पायाचा अंगठा शिंपलीच्या धारेने कापला होता. त्यानंतर चौथ्या दिवशी गाठ हाताला लागली. घरात निदान तिथल्या तिथे झालं. "पायाला लागलं का जांगंत अवधाण येतंच, बसंल दोन दिसांत," असं आजींनीच सांगून टाकलं. हळदीचा लेप झाला, मिठाच्या पुरचुंडीने शेक झाला.

या निदानाला हसू नये. पायाच्या जखमेतला जंतुसंसर्ग वर चढून जांघेतल्या लसिका ग्रंथी सुजतात, हे खाडीत आणि शेतात अनवाणी वावरणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिलेलं आहे. दहातल्या नऊ वेळा ते बरोबरही असतं. गावातल्या डॉक्टरांनीही तेच धरून पाच दिवसांची प्रतिजैविकं दिली. त्यांनी दोन दिवस दुखणं उतरलं, त्यामुळे सगळ्यांचाच विश्वास पक्का झाला. पुढे गाठ वाढली, कातडी लालसर झाली, तेव्हा मुलगा आणि सून त्यांना घेऊन आमच्याकडे आले.

पहिली चूक, माझी

त्या दिवशी ओपीडी भरलेली होती. आजींना झोपवून गाठ पाहिली: लिंबाएवढी, गरम, हात लावू न देणारी, दाबून आत न जाणारी. खोकायला सांगितलं तर गाठीला धक्का जाणवला नाही. मी सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली आणि तिच्यावर लिहिलं, "लसिका ग्रंथीचं गळू?"

रिपोर्ट तसाच आला. साडेतीन सेंटिमीटरची गाठ, आत दाट द्रव, भोवती सूज, गळू झालेली ग्रंथी असावी. मी तो वाचून समाधानाने मान डोलावली. माझंच प्रश्नचिन्ह पुसून माझ्याकडे परत आलं होतं, हे लक्षात यायला आणखी दोन तास जायचे होते. सोनोग्राफी करणाऱ्याला तुम्ही काय शोधायला सांगता, त्यावर तो कुठे प्रोब ठेवतो आणि कुठे थांबतो हे ठरतं. गाठीच्या आत काय आहे ते त्यांनी नीट पाहिलं होतं. गाठीचा देठ कुठून येतो, हे बघायला मी सांगितलंच नव्हतं.

दुपारी दोनला लहान ऑपरेशन थिएटरमध्ये गळू फोडायचं ठरलं. भूल कातडीपुरती, काम दहा मिनिटांचं.

तयारी करताना ओटीच्या सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सर, आजी खोकल्या की कळ बेंबीकडे जाते म्हणतायत. अवधाणाची कळ बेंबीत कशाला जाईल?"

मी हातमोजे उतरवले.

बेंबीभोवतीची कळ ही आतड्याची भाषा असते. लसिका ग्रंथी पोटातल्या कशाला ओढत नाही; पोटातलं काहीतरी त्या गाठीत शिरलं असेल तरच खोकल्याबरोबर ते ताणलं जाईल आणि कळ बेंबीशी उमटेल.

मग सावकाश पुन्हा तपासलं. अंगठ्याची जखम केव्हाच भरून आली होती. पायावर लाल रेघ नव्हती, जांघेत दुसऱ्या ग्रंथी हाताला लागत नव्हत्या. एकाच ग्रंथीचं एवढं मोठं गळू, आणि शेजारच्या सगळ्या शांत? गाठ जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या हाडाच्या, उंचवट्याच्या खाली आणि बाहेरच्या बाजूला होती. मांडीच्या मोठ्या शिरेशेजारच्या फटीतून उतरणाऱ्या हर्नियाची, फेमोरल हर्नियाची, जागा नेमकी हीच. इंग्वायनल हर्निया, म्हणजे लोक ज्याला नुसतं 'हर्निया' किंवा जुनी माणसं 'अंतर्गळ' म्हणतात तो, या उंचवट्याच्या वर आणि आतल्या बाजूला उतरतो.

खोकल्याचा धक्का न लागणं मी हर्नियाच्या विरुद्धचा पुरावा धरला होता. खरं तर हर्निया गळ्याशी आवळला गेला की धक्का लागतच नाही. पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं, आणि गर्दीच्या ओपीडीत विसरलेलं.

नेमकी अडचण काय होती

जांघेच्या सगळ्या हर्नियांत फेमोरल हर्निया शंभरात चार-पाचच्या आसपास. बायकांत, त्यातही वयस्क आणि कृश बायकांत, तो जास्त दिसतो. तो धोकादायक ठरतो तो त्याच्या दारामुळे. बोटभर रुंदीच्या त्या फटीला वर-पुढे इंग्वायनल लिगामेंट, मागे हाडाला चिकटलेलं पेक्टिनियल लिगामेंट आणि आतल्या अंगाला लॅक्युनर लिगामेंट. या तीन भिंती म्हणजे चिवट पट्टे, त्या ताणत नाहीत. चौथी भिंत म्हणजे पायाची मोठी शीर, फेमोरल व्हेन. शिरलेली गोष्ट सुजली की जागा देणारं कुणी नाही. 1991 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत आलेल्या एका अभ्यासात फेमोरल हर्नियाचा रक्तपुरवठा आवळला जाण्याची शक्यता तीन महिन्यांत 22 टक्के आणि एकवीस महिन्यांत 45 टक्के निघाली होती. इंग्वायनल हर्नियात तीन महिन्यांचा तोच आकडा 3 टक्क्यांहून कमी होता.

पण आजींच्या पोटात आतडं अडकल्याची खूण नव्हती. उलटी नाही, पोट फुगलेलं नाही, सकाळी शौचाला साफ. मग आत होतं काय? पोटातल्या चरबीचा पदर असू शकत होता. रिश्टरचा हर्निया असू शकत होता. त्यात आतड्याच्या भिंतीचा एकच काठ अडकतो, वाट चालू राहते आणि अडकलेला तुकडा मात्र सडतो. आणि तिसरी शक्यता, अपेंडिक्स. अपेंडिक्स ही बंद गल्ली असल्यामुळे ती अडकली तरी मुख्य रस्ता मोकळाच राहतो.

फेमोरल हर्नियात अपेंडिक्स सापडल्याचं वर्णन फ्रेंच सर्जन रेने-जाक क्रुआसाँ द गारेंजो यांनी 1731 मध्ये केलं, म्हणून त्याला द गारेंजो हर्निया म्हणतात. त्यानंतर चारच वर्षांनी, 1735 मध्ये, लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये क्लॉडियस एम्यांड यांनी अकरा वर्षांच्या मुलाच्या इंग्वायनल हर्नियातून टाचणीने छिद्र पडलेलं अपेंडिक्स काढलं. यशस्वी झालेली, नोंद असलेली ती पहिली अपेंडिक्सची शस्त्रक्रिया. म्हणजे सर्जन पहिल्यांदा अपेंडिक्सपर्यंत पोहोचले तेच जांघेच्या वाटेने, आणि तेही हर्निया म्हणून.

सीटी करायचा की थेट टेबलावर?

इथे पहिला खरा निर्णय होता. आवळलेल्या फेमोरल हर्नियाला तपासण्यांत वेळ घालवू नये, ही जुनी शिकवण, आणि ती योग्यच आहे. पोट कडक असतं किंवा आजी खालावत असत्या तर मी थेट टेबलावर घेतलं असतं. पण नाडी 96, रक्तदाब ठीक, पोट मऊ, पांढऱ्या पेशी वाढून 15,400. आमच्याकडे सीटी नाही. वाशीला न्यायचं म्हणजे जाऊन येऊन दोन-अडीच तास. क्रिएटिनिन 1.4, म्हणजे मूत्रपिंडं थोडी मंद, त्यामुळे सीटीसाठी शिरेतून द्यायच्या काँट्रास्ट औषधाबद्दलही विचार करणं आलं.

मुलगा वैतागला होता. "डॉक्टरसाहेब, सकाळी तुम्हीच दहा मिनिटांचं काम म्हणालात. आता एवढ्याशा गाठीला सीटी?" त्याचं चूक नव्हतं. सकाळी मी चुकीचं सांगितलं होतं, हे त्याला तिथेच कबूल केलं. गाठ फोडली असती तर पू निघाला असता, सगळ्यांना बरं वाटलं असतं आणि चार दिवसांनी त्या जखमेतून मळ यायला लागला असता, हेही सांगितलं. मग तो गाडी काढायला गेला.

सलाईन चालू ठेवून काँट्रास्टसह सीटी झाला. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपासून निघालेली एक जाडसर नळी फेमोरल व्हेनच्या आतल्या बाजूने खाली जांघेत उतरत होती, टोकाशी सुजलेली, भोवती द्रव. लहान आतडं त्यात नव्हतं. डाव्या बाजूलाही फेमोरल फट थोडी रुंदावलेली दिसत होती, तिच्यात चरबीचा थेंबभर तुकडा. तो डावीकडचा भाग त्या संध्याकाळी कुणी फारसा मनावर घेतला नाही.

समोरचे पर्याय

भुलेपासूनच वाट अरुंद झाली. पाठीतली भूल सोयीची होती, पण क्लोपिडोग्रेल किमान पाच ते सात दिवस बंद नसेल तर मणक्याजवळ रक्तस्राव होऊन पाय लुळे पडण्याची भीती असते. सकाळचा डोस पोटात गेलेला. पूर्ण भूल द्यायची तर छाती खोकल्याची. फक्त कातडी बधिर करून होण्यासारखं काम उरलं नव्हतं. भूलतज्ज्ञांनी पूर्ण भूल मान्य केली आणि मला एक वाक्य ऐकवलं, "दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरायचा असेल तर कमी दाबाने, आणि वीस मिनिटांत आटपा." प्लेटलेट्स राखून ठेवायला रक्तपेढीला फोन गेला.

आता चीर कुठून? गाठीवरून, जांघेच्या घडीच्या खालून जाणं सगळ्यात सोपं, कमी वेळाचं. तोटा एकच, आणि मोठा: अपेंडिक्सचं मूळ वर पोटात, फट अरुंद, ते खाली ओढून येईलच असं नाही. लोथाइसनची वाट इंग्वायनल मार्गातून जाते, पण त्यासाठी चांगली असलेली मागची भिंत उघडावी लागते आणि पू तिथे नेला जातो. मॅकएव्हेडीची वरची चीर आतडं कापायची वेळ आली तर उत्तम. इथे सीटीने आतडं नसल्याचं सांगितलेलं. निव्वळ दुर्बिणीने सगळं करावं, तर जांघेतला पू शेवटी बाहेरूनच साफ करावा लागणार, आणि गँगरीन झालेलं टोक वर पोटात ओढणं म्हणजे बाहेरची घाण घरात आणणं.

मी ठरवलं ते असं: सुरुवात खालून करायची, पण दुर्बिणीचं सामान उघडून टेबलावर तयार ठेवायचं आणि पोटही आधीच धुऊन झाकून घ्यायचं. खालून जमलं तर दुर्बीण वाचेल. नाही जमलं तर ओढाताण न करता वरून जायचं. ही दुसरी वाट टेबलावर सुचून उपयोग नसतो; सामान आणायला माणूस धावेपर्यंत हातातली गोष्ट फाटलेली असते.

हर्नियाची फट झाकायला बसवतात त्या जाळीचा प्रश्न मुलाने काढला. मोबाइलवर वाचून त्याने विचारलं की पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांची बिनजाळीची पद्धत इथे चालेल का. चांगला प्रश्न होता. ती पद्धत इंग्वायनल हर्नियासाठी आहे; फेमोरल फट तिने बंद होत नाही. पण पू असेल तर मीही जाळी बसवणार नाही, नुसत्या टाक्यांनी दार बंद करीन, त्यामुळे हर्निया पुन्हा होण्याची शक्यता थोडी जास्त राहील, हे त्याला सहीच्या आधी सांगितलं. एम्यांड हर्नियासाठी, म्हणजे अपेंडिक्स शिरलेल्या इंग्वायनल हर्नियासाठी, लोसानॉफ आणि बॅसन यांनी केलेली वर्गवारी याच धर्तीवर जाते: अपेंडिक्स निरोगी असेल तर आत सारून जाळी, सुजलेलं असेल तर ते काढून टाके. ती फेमोरलसाठी केलेली नाही, पण इथे विचाराला पुरली.

टेबलावर

रात्री आठला चीर दिली. पिशवी उघडली तर दहा-बारा मिलिलिटर गढूळ, घाण वासाचा द्रव आणि त्यात अपेंडिक्सचं काळं पडलेलं टोक, पिकून गळायला आलेल्या जांभळासारखं. पाच सेंटिमीटर बाहेर, बाकीचं फटीच्या पलीकडे. अलगद ओढून पाहिलं. मूळ येत नव्हतं.

इथे हात शिवशिवतात. लॅक्युनर लिगामेंटला आतल्या बाजूने एक छोटा छेद दिला की फट रुंदावते आणि काम खालूनच उरकतं. पण काही माणसांत त्या लिगामेंटच्या मागून ऑब्ट्युरेटर धमनीची एक आडवळणी फांदी जाते. ती कापली गेली तर रक्त कुठून येतंय ते दिसत नाही. त्या कमानीला जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी 'मृत्यूचा मुकुट' असं नावच देऊन ठेवलंय. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या बाईत तो छेद द्यायला माझा हात धजला नाही.

दुर्बीण घातली. गॅसचा दाब कमीच, 10. पोट आतून स्वच्छ होतं. त्या आवळ फटीनेच पू बाहेर अडवून ठेवला होता, हे तिचं एक उपकारच. अपेंडिक्सचं मूळ निरोगी. त्याची रक्तवाहिनी बांधली, मुळाशी दोन फास टाकले, आणि पुढच्या तुकड्यातून काही सांडू नये म्हणून त्याच्या बाजूलाही एक. मधे कापलं. वरचं टोक सुटताच सहकाऱ्याने खालून हळूच ओढलं आणि सगळं अपेंडिक्स जांघेतूनच बाहेर आलं. सुजलेला भाग आधीच बाहेर होता, मागून येणारा बारीक. पोटातून काहीच घाण गेली नाही. गॅस चालू असलेला वेळ: बावीस मिनिटं. भूलतज्ज्ञांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, बोलले काही नाहीत.

मग जखम सलाईनने धुतली, पिशवी बांधून कापली आणि इंग्वायनल लिगामेंट पेक्टिनियल लिगामेंटला प्रोलिनच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या धाग्याच्या, तीन टाक्यांनी जोडलं. टाके घेताना डाव्या तर्जनीने शीर बाजूला धरावी लागते. तिसरा टाका बांधण्याआधी दुर्बिणीतून आत पाहिलं: फट बंद, शीर दबलेली नाही.

कातडी मी शिवली, द्रव वाहून जायला एक पातळ नळी (ड्रेन) ठेवून.

नंतरचे दिवस

दुसऱ्या दिवशी आजी बसल्या, चहा प्यायल्या. तिसऱ्या दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना विचारून क्लोपिडोग्रेल पुन्हा सुरू केली. पाचव्या दिवशी जखमेतून पू आला. वरवरचाच, पण दोन टाके उघडावे लागले आणि पुढे तीन आठवडे सून त्यांना रिक्षात घालून ड्रेसिंगला आणत राहिली. तेवढे तीन आठवडे तिची मासळी बाजारातली जागा बंद होती. रोजच्या कमाईचा हा हिशोब डिस्चार्ज कार्डावर कुठे लिहिला जात नाही.

पॅथॉलॉजीचा अहवाल: गँगरीन झालेलं अपेंडिक्स, कर्करोगाची गाठ नाही. या वयात तो अहवाल डोळ्यांनी वाचल्याशिवाय फाइल बंद करू नये. अपेंडिक्समधला कर्करोग कधीकधी असाच योगायोगाने सापडतो.

पुन्हा हीच केस आली तर

चिठ्ठीवर निदान न लिहिता प्रश्न लिहीन: गाठीचा देठ पोटात जातो का, आणि शिरेच्या कोणत्या बाजूने? सोनोग्राफीही तेवढं सांगू शकते, विचारलं तर.

जांघेतली कुठलीही गाठ फोडण्याआधी रुग्णाला एकदा उभं करून दोन्ही बाजू बघीन. त्या दिवशी आजींना उभं केलंच नाही. केलं असतं तर कदाचित डावीकडचंही हाताला लागलं असतं.

सीटीच्या निर्णयाबद्दल आमच्यात एकमत नाही. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं, आतडं अडकलेलं निघालं असतं तर ते अडीच तास महाग पडले असते. बरोबर आहे. पण आतडं नाही हे कळलं म्हणूनच मॅकएव्हेडीची चीर टळली, हेही तितकंच खरं. पोट मऊ असेपर्यंत मी सीटी करीन; कडक झालं की नाही.

कातडी मात्र शिवणार नाही. पुवाने भरलेल्या जागेवर टाके घालून मी फक्त जखम नीटनेटकी दिसेल एवढं पाहिलं. सैल ठेवून चार-पाच दिवसांनी शिवली असती तर सुनेच्या फेऱ्या निम्म्या झाल्या असत्या.

आणि सिस्टरांनी विचारलेला तो प्रश्न केसपेपरवर तेव्हा कुणी लिहिला नव्हता. मी नंतर स्वतः लिहिला, वेळेसकट: दुपारी 1.50.

डावी बाजू

एक वर्ष होऊन गेलंय. उजवीकडे पुन्हा काही आलेलं नाही. डावीकडे उभं राहून खोकल्यावर आता शेंगदाण्याएवढी गाठ येते आणि झोपल्यावर जाते. दुखत नाही. हे ऑपरेशन ठरवून, क्लोपिडोग्रेल वेळेवर थांबवून, पाठीतल्या भुलेखाली, स्वच्छ जागी जाळी बसवून करता येईल, असं मी तीनदा सांगितलंय. तीन महिन्यांचा 22 टक्क्यांचा आकडाही सांगितला. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शिमगा होऊ दे, मंग बघू." तो शिमगा झाला. मागच्या आठवड्यात त्या खोकल्याचं औषध न्यायला आल्या होत्या, मी विचारलं तर सुनेकडे बघून म्हणाल्या, "नारळी पुनव होऊ दे."

केसपेपरवर पुढची तारीख ऑगस्टची टाकली आहे. सुनेला जांघेवर बोट ठेवून दाखवलं की गाठ आत जाईनाशी झाली, किंवा कळ बेंबीकडे गेली, तर लेप लावत बसायचं नाही, रात्र असली तरी यायचं. तिने माझा नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवलाय.